पीटर कुशिंगचे हात

बॅरन फ्रँकेन्स्टाइनच्या घरात जस्टिन नावाची मोलकरीण आहे. बॅरनचं तिच्याशी सूत जुळलेलं, आणि आता आपल्याला दिवस गेलेत असं ती सांगते. लग्न कर, नाहीतर वर प्रयोगशाळेत तुझं काय चालतं ते बाहेर फोडेन, असं ती धमकावते. तो तिला हसून उडवून लावतो. रात्री ती पुरावा शोधायला प्रयोगशाळेत शिरते आणि हा बाहेरून दार लावून घेतो. आत त्यानं प्रेतांचे अवयव जोडून उभा केलेला जीव मोकळा आहे. जस्टिनची किंकाळी येते, बॅरन दाराशी उभा राहून ती ऐकतो. पुढचा शॉट थेट सकाळच्या न्याहारीचा. नीट मांडलेलं टेबल, समोर वाग्दत्त वधू. ‘‘एलिझाबेथ, जरा मार्मलेड देतेस?’’ बॅरन विचारतो.

हा १९५७ सालचा ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’. हॅमर नावाच्या छोट्या ब्रिटिश कंपनीचा पहिला रंगीत भयपट. मी तो कितीदा पाहिलाय याची मोजदाद ठेवलेली नाही, पण त्या मार्मलेडपाशी आलं की अजूनही अंगावर काटा येतो. किंकाळीला येत नाही, या वाक्याला येतो. पीटर कुशिंग ते अगदी सरळ म्हणतो. भुवई उडवत नाही, ओठांच्या कोपऱ्यात हसत नाही, ‘पाहा मी किती दुष्ट आहे’ असं प्रेक्षकाला खुणावत नाही. रात्री झोप चांगली लागलेला, भूक लागलेला एक सुखवस्तू गृहस्थ न्याहारी करतोय, बस्स. एखाद्या दुसऱ्या नटानं तिथे हमखास टाळी घेतली असती. कुशिंगनं ती सोडून दिली.

जुन्या ब्रिटिश भयपटांवर माझा जो जीव आहे तो या गांभीर्यापायी. ‘ते दोरीला लटकणारं वटवाघूळ? ते टोमॅटोसारखं लाल रक्त?’ असं लोक विचारतात, तेव्हा मला त्यांच्याशी वाद घालावासा वाटत नाही. ‘द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला’मधलं वटवाघूळ खरंच वाईट आहे. पण त्या वटवाघळाकडे बघणाऱ्या माणसाचा चेहरा पाहा, एवढंच मी म्हणतो. तो माणूस खोटा नाही. ज्या कामाला समीक्षक नाकं मुरडत होते, ज्याला पैसे बेताचे मिळत होते, ते काम या मंडळींनी शेक्सपिअर करावा तसं केलं.

कुशिंगच्या हातांबद्दल आधी सांगतो, कारण त्याचा सगळा अभिनय मला तिथे दिसतो. याच चित्रपटात तो फासावरून उतरवून आणलेल्या दरोडेखोराचं प्रेत प्रयोगशाळेत घेतो आणि त्याचं डोकं कापून काढतो. कापताना काही दिसत नाही. दिसतं ते त्यानंतरचं: बॅरन रक्ताळलेला हात सहज आपल्या उंची कोटाला पुसतो. त्या एका हालचालीत अख्खं पात्र आलं. या माणसाला किळस नाही, कोटाची पर्वा नाही, आणि घरात कपडे धुणारी माणसं आहेत याची पक्की खात्री आहे. कुशिंगच्या हातात कायम काहीतरी असायचं. चश्मा, पेन, भिंग, काचेची नळी, घड्याळ. बोलता बोलता तो वस्तू उचलायचा, वापरायचा, जागेवर ठेवायचा, आणि एकही शब्द अडखळायचा नाही. नटमंडळींनी करून बघावं, अवघड आहे. लहान लहान वस्तू बारकाईनं घडवण्याचा त्याला मुळातच नाद होता. तो पुठ्ठ्याची छोटी नाट्यगृहं बनवायचा, शिशाचे सैनिक रंगवायचा, जलरंगातली चित्रं काढायचा. काम मिळत नव्हतं त्या काळात त्यानं रेशमी स्कार्फवर नक्षी रंगवून घर चालवलं होतं.

जन्म १९१३चा, सरे परगण्यातल्या केनलीचा. सर्वेयरच्या कचेरीत नोकरी केली, ती सोडून रंगभूमी धरली, १९३९मध्ये हॉलिवूडला जाऊन आला. तिथे त्याला पहिलं काम दिलं ते जेम्स व्हेलनं. १९३१चा तो प्रसिद्ध ‘फ्रँकेन्स्टाइन’ दिग्दर्शित करणारा हाच व्हेल. पुढे अठरा वर्षांनी आपण त्याच बॅरनचा कोट अंगावर चढवणार आहोत हे तेव्हा कुशिंगच्या स्वप्नातही नसेल. नाव झालं ते टेलिव्हिजनवर. १९५४मध्ये बीबीसीनं ऑर्वेलच्या कादंबरीवरून ‘नाइन्टीन एटी-फोर’ सादर केलं, त्यात तो नायक विन्स्टन स्मिथ होता. हॅमरनं बोलावलं तेव्हा तो ब्रिटनमधल्या घराघरांत ओळखला जाणारा नट होता, आणि तरी तो या ‘हलक्या’ चित्रपटात आला. ‘द ऑब्झर्व्हर’च्या सी. ए. लेझून या मोठ्या समीक्षक. त्यांना हा चित्रपट आपण पाहिलेल्या सर्वांत किळसवाण्या अर्धा डझन चित्रपटांपैकी एक वाटला. प्रेक्षकांनी मात्र रांगा लावल्या.

हॅमरची कामाची जागा मला फार आवडते. थेम्सच्या काठी, विंडसरजवळ, डाउन प्लेस नावाची जुनी हवेली होती. १९५१च्या सुमारास कंपनी तिथे आली आणि तिला ब्रे स्टुडिओ म्हणू लागली. मोठ्या स्टुडिओंत असतात तसले प्रचंड मंडप तिथे नव्हते. नेपथ्यकार बर्नार्ड रॉबिन्सन होत्या तेवढ्या जागेत किल्ले उभे करायचा, आणि एकदा उभी केलेली भिंत मोडायची नाही हा त्याचा नेम. खांब इकडचे तिकडे, जिना फिरवून दुसऱ्या बाजूला, पडदे बदलले, की ट्रान्सिल्व्हेनियाचा किल्ला रशियन राजवाडा झाला. १९६५मध्ये त्यांनी ‘ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस’ आणि रास्पुतिनवरचा चित्रपट एकाच सेटवर पाठोपाठ काढले, आणि ‘द प्लेग ऑफ द झॉम्बीज’ व ‘द रेप्टाइल’ या दोघांना कॉर्नवॉलमधलं एकच गाव दिलं. संध्याकाळच्या पोळ्यांची सकाळी फोडणीची पोळी करणाऱ्या बाईच्या हाताला जी चव असते, ती रॉबिन्सनच्या सेटना आहे. जंगल हवं असेल तर जवळचं ब्लॅक पार्क. मला तर आता ती झाडं ओळखीची झालीत. घोडागाडी वळणावर आली की पुढे तळं दिसणार हे ठाऊक असतं.

दिग्दर्शक टेरेन्स फिशर व्यापारी जहाजावर नोकरी करून आलेला, मग बरीच वर्षं संकलकाच्या टेबलावर बसलेला. म्हणून त्याच्या चित्रपटात फालतू शॉट सापडत नाही. किंकाळीनंतर मार्मलेड लावायचं हे संकलकालाच सुचणार. छायाचित्रणकार जॅक अ‍ॅशर कोपऱ्याकोपऱ्यांत हिरवा, जांभळा, लाल प्रकाश सोडायचा. आपल्याकडे पुढे रामसे बंधूंनी महाबळेश्वरच्या थंडीत जाऊन जे केलं, त्या रंगीत दिव्यांचं आजोळ इथे आहे. संगीतकार जेम्स बर्नार्डनं ‘ड्रॅक्युला’ या नावातली तीन अक्षरंच सुरांत बसवली. ऑर्केस्ट्रा ते नाव अक्षरशः ओरडतो. एकदा हे कळलं की पुन्हा ते संगीत निव्वळ संगीत म्हणून ऐकताच येत नाही.

आणि ख्रिस्तोफर ली.

१९५८चा ‘ड्रॅक्युला’. जिन्याच्या वरच्या टोकाला एक उंच काळी आकृती येऊन उभी राहते. वाद्यं कडाडतात. प्रेक्षक दातांची वाट बघतो. आकृती भराभर जिना उतरून उजेडात येते आणि बघतो तर काय, एक देखणा, शालीन, चांगल्या आवाजाचा यजमान. तो पाहुण्याचं स्वागत करतो, जेवणाची चौकशी करतो, एवढंच काय, त्याची बॅग स्वतः उचलून खोलीपर्यंत नेऊन देतो. लीची उंची सहा फूट पाच इंच; जिना चढताना तो पायऱ्या गाळत जातो आणि मागचा पाहुणा धापा टाकत राहतो. आपल्याला वाटतं, बरा आहे की हा माणूस. थोड्याच वेळानं पुस्तकांच्या खोलीचं दार धाडकन उघडतं, त्याच चेहऱ्यावर हनुवटीपर्यंत रक्त ओघळलेलं, डोळे लाल, आणि तो टेबलावरून झेप घेतो. मघाच्या शिष्टाचारामुळे हे भयंकर वाटतं.

गंमत अशी की या चित्रपटात ड्रॅक्युलाला जे काही संवाद आहेत ते सुरुवातीच्या स्वागतातच संपतात. पुढे तो बोलतच नाही. ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’मध्ये तर लीच्या तोंडी एक शब्दही नाही. ली सांगायचा की संवाद इतके वाईट होते की मीच म्हणायला नकार दिला. लेखक जिमी सँगस्टर म्हणायचा, मी लिहिलेच नव्हते. खरं कुणाचं हा वाद चाहते अजून घालतात. मला त्यात रस कमी आहे, कारण पडद्यावर दिसतं ते दोघांच्या वर आहे. मान थोडी वळवणं, झग्याचा काठ सावरणं, बाईच्या मानेकडे जाताना शेवटच्या क्षणी थांबणं यांतून त्यानं जे उभं केलं ते बोलणाऱ्या ड्रॅक्युलांना जमलेलं नाही. ‘द ममी’त तर तोंडही बँडेजमध्ये गुंडाळलेलं. फक्त डोळे उघडे. हजारो वर्षांपूर्वी गमावलेल्या राजकन्येचा चेहरा समोरच्या स्त्रीत दिसतो तेव्हा त्या दोन भोकांतून जे दुःख बाहेर येतं, ते पाहिल्यावर लीला ‘नुसता उंच माणूस’ म्हणणाऱ्यांची मला कीव येते.

‘द ममी’चीच एक हकिगत कुशिंगची जात सांगते. चित्रपट पुरा व्हायच्या आधीच जाहिरातीचं पोस्टर तयार झालं होतं. त्यात ममीच्या छातीत आरपार भोक आणि त्यातून टॉर्चचा झोत बाहेर पडतोय. कुशिंगनं विचारलं, हे भोक पडतं कधी? पटकथेत पडतच नव्हतं. लोक पोस्टर बघून तिकीट काढणार, मग त्यांची फसवणूक कशी करायची? म्हणून त्यानं फिशरला सांगितलं की भिंतीवरचा हार्पून मी उपसतो आणि त्याच्या छातीत घुसवतो. तसा प्रसंग घेतला गेला. ‘ड्रॅक्युला’च्या शेवटाचंही तसंच. रक्तपिपासूंचा शिकारी डॉक्टर व्हॅन हेल्सिंग, म्हणजे कुशिंग, लांबलचक जेवणटेबलावरून धावत जातो, उडी मारून पडदा खाली ओढतो, सूर्यप्रकाश आत येतो. मग क्रूस हवा. पटकथेप्रमाणे तो खिशातून निघायचा होता. कुशिंगला वाटलं, आधीच या डॉक्टरच्या खिशातून फेरीवाल्यासारखे क्रूस निघताहेत. त्यापेक्षा टेबलावरच्या दोन मेणबत्तीच्या समया हिसकून एकीवर दुसरी आडवी धरली तर? आज भयपटांच्या इतिहासात तो क्षण वेगळा काढून दाखवतात. तो एका नटाच्या प्रामाणिक शंकेतून आला.

त्याच चित्रपटात त्याहून छोटा एक प्रसंग आहे, ज्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रात्री दफनभूमीत व्हॅन हेल्सिंगनं एका चिमुरड्या मुलीला वाचवलंय. अजून थडग्यात त्याचं भयंकर काम बाकी आहे आणि मुलगी थंडीनं काकडतेय. तो आपला फरच्या कॉलरचा कोट काढून तिच्या अंगावर घालतो, नीट लपेटतो, गळ्यात क्रूस घालतो आणि म्हणतो, आता तू अगदी टेडी बेअर दिसतेस. मग सूर्य उगवतो का बघत बस म्हणून सांगतो आणि आत जातो, हातात लाकडी सूळ आणि हातोडा घेऊन. हा जो आवाज बदलतो ना कुशिंग, मोठ्या माणसांशी कोरडा आणि त्या पोरीशी ऊबदार, त्यामुळे पुढचा सुळाचा घाव क्रौर्य न राहता शस्त्रक्रिया होतो.

बायकांबद्दल लिहिलं नाही तर लेख अर्धा राहील, कारण हॅमरचं नाव निघालं की लोकांना फक्त उघडे गळे आठवतात. बार्बरा शेली आठवावी. ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’मध्ये ती हेलन नावाची इंग्रज गृहिणी आहे. चार प्रवासी किल्ल्यात येतात, आयतं जेवण मांडलेलं असतं, तिघं खूश, आणि ही एकटी म्हणते की इथून निघूया. सगळे तिला भित्री, कटकटी ठरवतात. बरोबर तीच असते आणि बळी तिचाही जातो. रक्तपिपासू झाल्यावर केस मोकळे, चेहरा खुललेला, आवाज मोकळा. आणि मग तो प्रसंग: मठातले साधू तिला टेबलावर दाबून धरतात आणि अँड्र्यू कीरचा फादर सँडोर तिच्या छातीत सूळ ठोकतो. ती तडफडते, फुत्कारते, आणि घाव बसताच तिचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा शांत, सोज्वळ होतो. फिशरनं हा प्रसंग इतका लांबवलाय की आपण कोणाच्या बाजूचे हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. मला दर वेळी त्या साधूंचा राग येतो. शेलीनं ती बाई एवढी जिवंत केली नसती तर तो आला नसता.

मायकेल रिपरलाही इथे नमस्कार करायचाय. कुशिंग-लीपेक्षाही हॅमरच्या जास्त चित्रपटांत दिसलेला हा चणीनं लहान नट. कधी खाणावळवाला, कधी गाडीवान, कधी पोलीस. अनोळखी माणूस दारात आला की खाणावळीतला आवाज बंद होतो, आणि काउंटरमागचा रिपर त्याला म्हणतो की अंधार पडायच्या आत निघा. ‘द रेप्टाइल’मध्ये त्याला जरा मोठी भूमिका मिळाली आणि त्यानं चित्रपट खिशात घातला.

‘द रेप्टाइल’चं नाव निघालंच आहे तर एक कटू गोष्टही सांगतो. या चित्रपटांना पूर्वेकडून येणारं सगळं संशयास्पद वाटतं. त्यात बोर्निओचा नागपंथ आहे. १९५९च्या ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’त तर ठग आहेत, कालीमातेची मूर्ती आहे, आणि आपली मुंबई ब्रेच्या आवारात उभी केलेली आहे. फिशरच्या सफाईला नावं ठेवता येत नाहीत, तरी मी तो पुन्हा लावत नाही. कलकत्त्यात जन्मलेला मार्ने मेटलंड हा गुणी नट या दोन्ही चित्रपटांत आहे आणि दोन्हीकडे त्याच्या वाट्याला तेच ते कपटी डोळे आले, याचं वाईट वाटतं.

तरी आपल्या मातीशी या सगळ्याचं एक खरं नातं आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. अमेरिकन ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला राक्षस म्हणून जगप्रसिद्ध झालेला बोरिस कार्लोफ हा लंडनचा. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म १८८७. त्याच्या आईवडिलांचं लग्न १८६४मध्ये भारतातच झालं. आई सुरतेत जन्मलेली. आणि त्या आईची मावशी म्हणजे अ‍ॅना लिओनोवेन्स, सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली ती बाई. तिचा जन्म १८३१मध्ये अहमदनगरला, लहानपण पुण्याच्या लष्करी बराकींत गेलं. घराण्यात भारतीय रक्त होतं आणि ते त्या काळी लपवावं लागे. कार्लोफचा सावळा रंग हॉलिवूडनं आधी अरब आणि ‘परदेशी’ खलनायकांसाठी वापरून घेतला. नगर-पुण्याच्या छावण्यांतून निघालेल्या घराण्याचा हा मुलगा. त्यानं राक्षसाला जी करुणा दिली, तिच्याकडे मी हे कळल्यापासून वेगळ्या नजरेनं बघतो.

हॅमरच्या बाहेरही पुष्कळ आहे. जॅक क्लेटनचा ‘द इनोसंट्स’, १९६१चा. काळापांढरा, रक्ताचा थेंब नाही. डेबोरा कर तळ्याकाठी बसलीय, भर दिवस, आणि पलीकडे वेतात काळ्या कपड्यातली एक बाई नुसती उभी आहे. एवढंच. दुपारच्या उजेडात भूत दाखवायला हिंमत लागते. त्याचा छायाचित्रणकार फ्रेडी फ्रान्सिस नंतर स्वतः भयपटांचा दिग्दर्शक झाला. ‘द विकर मॅन’ तर सगळ्यांनी पाहिलेला असतोच. १९७३चा, मे महिन्याच्या उत्सवाची गोष्ट आणि चित्रीकरण ऐन हिवाळ्याच्या तोंडावर, झाडांना खोटा मोहोर चिकटवून. लीनं त्यात पैसे न घेता काम केलं आणि आपला सर्वांत चांगला चित्रपट हाच असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला.

फ्रेडी फ्रान्सिसनं केलेल्या ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’बद्दल मात्र सावकाश लिहायला हवं. हा हॅमरचा नव्हे, अ‍ॅमिकस कंपनीचा, १९७२चा. त्याच्या आदल्या वर्षी, १९७१च्या जानेवारीत कुशिंगची बायको हेलन गेली. लग्न १९४३चं. ती आजारी होती म्हणून त्यानं हॅमरचा एक चित्रपट एका दिवसाच्या चित्रीकरणानंतर सोडून दिला होता. ती गेल्यावर त्याच्यात जगायची इच्छाच उरली नव्हती, तसं तो उघड बोलायचाही. चित्रपटात तो ग्रिम्सडाइक नावाचा म्हातारा विधुर आहे. कचरा गोळा करणारा. मोडकी खेळणी दुरुस्त करून गल्लीतल्या पोरांना देतो, गेलेल्या बायकोशी बोलत बसतो. शेजारच्या श्रीमंतांना त्याचं घर डोळ्यांत खुपतं. ते त्याची कुत्री हिरावून घेतात, मुलं तोडतात, आणि व्हॅलेंटाइनच्या दिवशी त्याला टपालानं घाणेरड्या, अपमानाच्या चिठ्ठ्या पाठवतात. कुशिंग त्या एकेक करून उघडतो. पहिली उघडताना चेहऱ्यावर आनंद आहे, आपल्याला कुणीतरी आठवण ठेवून कार्ड पाठवलंय. वाचल्यावर त्याला नीट समजत नाही. दुसरी. तिसरी. ओरडणं नाही, छाती पिटणं नाही. फक्त खालचा ओठ थरथरतो.

माझ्या आईला भयपट अजिबात चालत नाहीत. मी हा बघत असताना ती भाजी निवडायला म्हणून शेजारी येऊन बसली आणि या प्रसंगाला तिचे हात थांबले. इंग्रजी तिला सगळं कळलं नसणार. ‘‘अरे, त्याचं खरंच कुणीतरी गेलंय रे,’’ ती म्हणाली. मी तिला त्याआधी हेलनबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

१९७१च्याच डिसेंबरात ‘हॉरर एक्सप्रेस’साठी कुशिंग माद्रिदला पोचला आणि निर्मात्याला म्हणाला, मला जमणार नाही, मी परत जातो. बायकोवाचूनचा तो पहिला नाताळ होता. लीनं काय केलं? समजूत घातली नाही, उपदेश केला नाही. शेजारी बसला आणि जुन्या चित्रीकरणांच्या आठवणी काढू लागला, जणू काही ठरल्याप्रमाणे उद्या काम सुरूच होणार आहे. कुशिंग थांबला. तो चित्रपट बघताना आगगाडीच्या डब्यात हे दोघं शास्त्रज्ञ एकमेकांना टोमणे मारतात तेव्हा मला त्यामागची ती संध्याकाळ दिसते. पडद्यावर एकमेकांचा जीव घेणाऱ्या या दोघांनी वीसहून जास्त चित्रपट एकत्र केले. पहिल्या भेटीची लीनं सांगितलेली गोष्टही अशीच: ‘मला एकही संवाद नाही’ म्हणून तो तणतणत आला, तर कुशिंग शांतपणे म्हणाला, नशीबवान आहात, मी पटकथा वाचलीय. दोघांना सिल्व्हेस्टर मांजराच्या कार्टूनचं वेड. ली त्याचे आवाज काढायचा आणि कुशिंग हसून बेजार व्हायचा. वाढदिवसही लागून, २६ आणि २७ मे. कुशिंग व्हिटस्टेबल नावाच्या समुद्रकाठच्या गावात राहायचा. १९९४मध्ये तो गेला. शेवटचं काम त्यानं आणि लीनं मिळून केलं, हॅमरवरच्या एका माहितीपटाचं निवेदन. दोन-तीन महिन्यांनी तो नव्हता.

कंपनीचं पुढे व्हायचं तेच झालं. १९६८मध्ये निर्यातीबद्दल राणीचा पुरस्कार मिळाला. तोवर ब्रे सुटलं होतं. अमेरिकन भयपट शहरातल्या फ्लॅटमध्ये आणि मुलांच्या शयनगृहात येऊन बसले, आणि हॅमरनं उत्तर म्हणून कपडे कमी केले. त्यातही इन्ग्रिड पिटसारखी बाई चमकून गेली. लहानपणी नाझी छळछावणीतून वाचलेली ही नटी रक्तपिपासू कार्मिला साकारते तेव्हा तिच्या डोळ्यांत भूक आणि एकटेपण दोन्ही असतं. १९७६च्या ‘टू द डेव्हिल अ डॉटर’नंतर त्या जुन्या हॅमरचे भयपट बंद झाले.

अभिनयाच्या दृष्टीनं या सगळ्यातला कळस कोणता, असं विचाराल तर मी १९६९च्या ‘फ्रँकेन्स्टाइन मस्ट बी डिस्ट्रॉइड’चं नाव घेईन. त्यात एक बलात्काराचा प्रसंग कंपनीच्या प्रमुखाच्या हट्टानं मागाहून घुसडलाय. कुशिंग, नायिका व्हेरोनिका कार्लसन आणि फिशर तिघांचाही त्याला विरोध होता आणि तो प्रसंग आजही चित्रपटाला लागलेला डाग आहे. पण फ्रेडी जोन्सचं काम पाहा. बॅरननं एका वेड्या शास्त्रज्ञाचा मेंदू काढून दुसऱ्याच्या कवटीत बसवलाय. शुद्धीवर आल्यावर तो माणूस चाचपडत आपल्या घरी जातो. बायको झोपलेली. चेहरा परका, तेव्हा ती घाबरणार हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो पडद्याआड राहून तिच्याशी बोलतो. तुझा नवरा मीच आहे हे पटवायचा प्रयत्न करतो. ती पडद्यापलीकडे येते, पाहते, आणि तिला ते सोसवत नाही. या एका प्रसंगात राक्षस, प्रेत, प्रयोगशाळा सगळं विसरायला होतं. एवढं मोठं दुःख पेलणारा नट त्यांनी ‘हलक्या’ चित्रपटासाठी शोधून आणला, आणि त्यानंही ते जीव ओतून पेललं.

नव्यानं बघायला बसणाऱ्यांना एक सांगणं. १९५८चा ‘ड्रॅक्युला’ जुन्या कापलेल्या प्रतीवरून बघू नका. ब्रिटिश सेन्सॉरनं त्यातले काही तुकडे काढले होते, आणि जपानमध्ये दाखवलेली प्रत जास्त लांब होती असं चाहते वर्षानुवर्षं सांगत होते, तेव्हा त्याला दंतकथा समजलं जायचं. २०११मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहात त्या प्रतीची रिळं निघाली. सगळी नव्हती, काही आधीच आगीत गेली होती, पण हवी ती शेवटची शिल्लक होती. आता शेवटच्या प्रसंगात ली उन्हात सापडतो आणि स्वतःच्या गालांवर बोटं ओढतो, तशी कातडी सुटून येते. काही सेकंदांचाच मजकूर आहे. त्यासाठी लोकांनी पन्नास वर्षं पत्रं लिहिली, संग्रहालयांची दारं ठोठावली, आणि लीनं ते सेकंद ज्या निष्ठेनं केलेत ते पाहिल्यावर त्यांचा हट्ट मला पूर्णपणे पटतो.